ध्यानापूर्वीचे बीपी, ध्यानानंतरचे बीपी: ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य

विषय: प्रार्थना व ध्यानवर्गांतून केले जाणारे आरोग्यविषयक दावे आणि रक्तदाबाच्या नोंदी

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडमधील एका ज्येष्ठ नागरिक संघाची गेली नऊ वर्षे सभासद आहे. त्याआधी तेहतीस वर्षे मी परिचारिका होते आणि त्यातली शेवटची अठरा वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात काढली. सकाळी आंघोळ झाल्यावर देवापुढे बसून जपाची एक माळ पूर्ण केल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा मजकूर वाचून मला देवाधर्माच्या विरोधात उभी करण्याचा मोह कोणाला तरी होईलच.

गेल्या डिसेंबरात एका विरंगुळा केंद्रातील गुरुवारच्या ध्यानवर्गाला मी पाहुणी म्हणून गेले होते. वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दाराशी टेबल, टेबलावर बीपी मोजण्याचे डिजिटल यंत्र आणि शेजारी आखलेली वही: नाव, वय, ध्यानापूर्वी, ध्यानानंतर. जिना चढून धापा टाकत आलेले एक गृहस्थ लगेच खुर्चीच्या कडेवर टेकले, त्यांच्या लोकरी स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला गेला, आणि यंत्र फुगत असताना स्वयंसेवक आपुलकीने विचारत होते, "काय काका, नातू कधी येतोय बोस्टनहून?" काका उत्तर देत होते, हातवारे करून. यंत्राने १६८ हा आकडा दाखवला. त्यानंतर पंचवीस मिनिटे दिवे मंद करून शांत बसणे झाले, मधे ऊब आली म्हणून काकांनी स्वेटर काढून मांडीवर घेतला, आणि उठल्यावर यंत्राने १४४ दाखवले. वहीत दोन्ही आकडे लाल पेनाने लिहिले गेले. वर्गाच्या शेवटी पाहुण्या वक्त्यांनी ती वही हातात धरून सांगितले, की चोवीस अंकांची घट कोणतीही गोळी पंचवीस मिनिटांत करू शकत नाही, मग जन्मभर रसायने पोटात कशाला घालायची? टाळ्या झाल्या. शाल-श्रीफळ झाले.

या चोवीस अंकांपैकी ध्यानाचे किती होते, हे त्या वहीवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. जिना चढल्यावर रक्तदाब वाढतो. बोलत असताना मोजला तर वरचा आकडा दहाच्या आसपास सहज वाढतो. पट्टा जाड कपड्यावरून बांधला, पाठीला आधार नसला, पाय लोंबकळत असले, लघवी तुंबलेली असली, नुकताच चहा झालेला असला, तर प्रत्येक कारण आपली थोडीथोडी भर घालते. म्हणूनच मोजण्यापूर्वी माणसाला निदान पाच मिनिटे न बोलता, पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून बसवायचे, उघड्या दंडावर पट्टा बांधायचा, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवायचा आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे, असा नियम आहे. त्या सभागृहात पहिला आकडा यातला एकही नियम न पाळता घेतला गेला आणि दुसरा जवळजवळ सगळे नियम आपोआप पाळून. त्या काकांनी पंचवीस मिनिटे डोळे मिटण्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत काढली असती, तरी बरीचशी घट दिसलीच असती. त्यातून, ज्याचा आकडा पहिल्या खेपेला फार वर गेलेला असतो, त्याचा दुसऱ्या खेपेला खाली येण्याकडेच कल असतो. आमच्या विभागात नव्या मुलींना आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवत असू, की एका आकड्यावर विश्वास ठेवू नका.

हा मोजणीतला गलथानपणा म्हणून मी सोडूनही दिला असता. परंतु आमच्या स्वतःच्या संघातील एका गृहस्थांनी अशाच एका व्याख्यानानंतर बीपीची गोळी बंद केली होती. ते रोज सकाळ-संध्याकाळ ध्यान करत आणि घरच्या यंत्रावर आकडा पाहत. पहिले चार-पाच दिवस आकडा जागचा हलला नाही, त्यामुळे त्यांचा विश्वास पक्का झाला. ते घेत होते ती ॲम्लोडिपिन नावाची गोळी शरीरातून सावकाश उतरते. शेवटची गोळी घेतल्यानंतरही तिचा अंमल काही दिवस रेंगाळतो. म्हणजे ज्या दिवसांचे श्रेय ते ध्यानाला देत होते, ते दिवस जुन्या गोळीच्या शिलकीवर चालले होते. पुढे त्यांनी मोजणेही थांबवले. सातव्या आठवड्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. गोळी सोडल्यामुळेच हे घडले, असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण एका माणसाच्या बाबतीत तसे सांगता येत नसते. मी भेटायला गेले तेव्हा ते डाव्या हाताने वाटीतला मऊ भात खात होते आणि अडखळत म्हणाले, "सिस्टर, आठवडाभर नॉर्मल होतं हो." तिथून घरी आल्यावर हे पत्र लिहायला घेतले.

ध्यानाचा काहीच उपयोग नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उपयोग आहे आणि तो मोजलाही गेला आहे. मात्र मोजलेला उपयोग आणि व्यासपीठावरून सांगितला जाणारा उपयोग यांत पर्वती आणि सिंहगडाइतके अंतर आहे. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ध्यानावरच्या ४७ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ३,५१५ माणसे होती. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम खात्रीचा, लहान ते मध्यम आकाराचा फायदा त्यांना आढळला. मात्र औषधे किंवा व्यायाम यांसारख्या उपायांशी तुलना केली तेव्हा ध्यान त्यांच्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमीचे औषध दिले आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष ठेवायच्या ध्यानाचा (माइंडफुलनेस), अभ्यासक्रम. शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी आनंदाने सांगते. फक्त तो अभ्यासक्रम म्हणजे दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव आणि मधे एक पूर्ण दिवसाचे शिबिर असा होता, रुग्ण चिंतेचे होते, रक्तदाबाचे नव्हते, आणि औषध कोणाला व अभ्यासक्रम कोणाला हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालले होते. हृदयविकाराबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली जे निवेदन काढले, त्यातही ध्यानाला प्रस्थापित उपचारांच्या जोडीला, पूरक म्हणून जागा दिली आहे. जोडीला, हा शब्द आपल्या फलकांवरून नेमका गळतो.

मेंदूची गोष्ट याहून मनोरंजक आहे. त्या दिवशीच्या वक्त्यांनी पडद्यावर लाल-पिवळ्या ठिपक्यांचा मेंदू दाखवून सांगितले, की आठ आठवडे ध्यान केले की मेंदूचा करडा भाग, म्हणजे चेतापेशी दाट असलेला भाग, वाढतो. (ते रंग मेंदूत नसतात, आकडेमोडीवरून संगणक ते भरतो. पण रंगीत मेंदू दिसला की सभागृह गप्प होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.) हा दावा हवेतून आलेला नाही. २०११ साली एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमानंतर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात अशी वाढ दिसली होती. मात्र त्यात ध्यान करणारे अवघे १६ जण होते आणि तुलनेसाठी १७. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने तोच अभ्यासक्रम घेऊन २१८ जणांवर अधिक काटेकोर तपासणी केली आणि २०२२ साली जाहीर केले, की मेंदूच्या रचनेत असा कोणताही बदल त्यांना आढळला नाही. हे डेव्हिडसन ध्यानाचे टीकाकार नव्हेत. २००४ साली दहा ते पन्नास हजार तास ध्यान केलेल्या आठ बौद्ध साधकांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजून त्यांत गॅमा नावाच्या अतिजलद लहरी असाधारण प्रबळ असल्याचे दाखवणारा गट तोच. पन्नास हजार तास म्हणजे रोज अर्धा तास बसणाऱ्याला दोनशे सत्तरहून अधिक वर्षे लागतील. त्या भिक्षूंचा मेंदू दाखवून आपल्या गुरुवारच्या वर्गाची जाहिरात करणे म्हणजे पैलवानाचा फोटो लावून प्रभात फेरीची वर्गणी गोळा करण्यासारखे आहे.

प्रार्थनेबाबतचा मला सर्वांत आवडलेला प्रयोग डेन्मार्कचा आहे. तिथे वीस श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवून आधी पाठ असलेली प्रार्थना मनात म्हणायला लावली आणि मग स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला सांगितले. स्वतःच्या शब्दांत बोलताना मेंदूचे जे भाग जागे झाले, ते आपण दुसऱ्या माणसाच्या मनाचा अंदाज घेत त्याच्याशी बोलतो तेव्हा लागणारे भाग होते. पाठांतराच्या प्रार्थनेत तसे झाले नाही. आमची आजी विठ्ठलाशी भांडत असे, त्याला "अरे मेल्या" म्हणत असे. त्या यंत्रात तिचा मेंदू कसा दिसला असता, याचा विचार मी अनेकदा करते. देव आहे की नाही याबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही. भक्ताच्या दृष्टीने तो संवाद खराखुरा असतो, एवढेच सांगतो.

पाठांतराच्या प्रार्थनेने नाराज व्हायचे कारण नाही, कारण तिचा फायदा दुसऱ्या वाटेने येतो. २००१ साली इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीरातील प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तरतरीत झाली. दोन धर्म, दोन भाषा, गती मात्र एकच. कुतूहलापोटी मी घड्याळ समोर ठेवून माझ्या जपाच्या वेळचा श्वास मोजला, तो मिनिटाला सात भरला. एरवी बसल्या जागी तो पंधरा-सोळा असतो. ही माझी एकटीची मोजणी, तिला पुरावा म्हणू नये. परंतु म्हाताऱ्या माणसांना सावकाश, लयीत, एकत्र म्हणायला लावणारे आपले स्तोत्रपठण चालू राहिले पाहिजे, असे मला वाटते ते यामुळेच.

आणि ते एकत्र म्हणणे महत्त्वाचे. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांची (माझ्याच धंद्यातल्या बायकांची) वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा सामुदायिक उपासनेला जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सोळा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळले. कारणे शोधता असे दिसले, की या फरकाचा काही भाग माणसांच्या आधारातून, काही सिगारेट कमी ओढण्यातून आणि काही नैराश्य कमी असण्यातून येत होता. असा अभ्यास कार्यकारण पूर्ण सिद्ध करत नाही. ज्याचे पाय चालतात तोच देवळात जातो, हेही लक्षात ठेवावे लागते, जरी अभ्यासकांनी त्याची वजावट करण्याचा प्रयत्न केला होता. तरीही ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हणायला बसणाऱ्या हजारो बायकांमध्ये मी बसते, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईचा सूर माझ्या सुरात मिसळतो आणि घरी येईपर्यंत मला गुडघ्याची आठवण राहत नाही, एवढे खरे.

आता दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेबद्दल, कारण आजारी सभासदाच्या नावाने सामूहिक प्रार्थना करून "निश्चित गुण येतो" असे सांगण्याची प्रथा काही संघांत रुजते आहे. माझ्या विभागाबाहेरच्या बाकांवर मी अठरा वर्षे प्रार्थना पाहिली. कोणी अंगाऱ्याची पुडी देई, कोणी तावीज, कोणी मेरीचे छोटे पदक. आम्ही ते प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत घालून पलंगाच्या कडेला चिकटपट्टीने लावत असू, आणि पाळी बदलताना सलाइन, नळ्या, मॉनिटर यांच्याबरोबर ती पिशवीही एकमेकींच्या ताब्यात देत असू. त्याने नातेवाईकांचा जीव थाऱ्यावर राहत असे. मात्र २००६ साली हर्बर्ट बेन्सन यांनी सहा रुग्णालयांतील बायपासच्या १,८०२ रुग्णांवर जी चाचणी प्रसिद्ध केली, तिचा निकाल आपण ऐकून घेतला पाहिजे. अनोळखी प्रार्थनागटांनी काही रुग्णांसाठी चौदा दिवस प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांपैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली. ज्यांना प्रार्थना होत असल्याचे खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होते. हा वाढीव आकडा योगायोगाचा असू शकतो. किंवा "माझ्यासाठी प्रार्थना बोलावली, म्हणजे मी इतका गेलेला आहे काय" ही धास्तीही असू शकते, आणि अतिदक्षता विभागात रुग्णाच्या डोळ्यांत ती धास्ती मी पाहिलेली आहे. बेन्सन हे श्वास आणि एखाद्या शब्दाचा जप यांतून शरीर कसे सैलावते, हे १९७० च्या दशकात जगाला समजावून सांगणारे हृदयतज्ज्ञ. म्हणजे हा निकाल प्रार्थनेच्या शत्रूने लावलेला नाही.

एका गोष्टीची तर चर्चाच होत नाही. डोळे मिटून बराच वेळ बसणे प्रत्येकाला मानवते असे नाही. २०२० साली ८३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना काही ना काही त्रास झाल्याचे दिसले, त्यात चिंता आणि नैराश्य सर्वाधिक. आपल्या वर्गांत वैधव्य ताजे असलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या बायका असतात. त्यांच्यापैकी एक जण मंद दिव्यात हमसून रडू लागली आणि छाती धडधडते म्हणू लागली, तेव्हा "हे शुद्धीकरण आहे, होऊ द्या" असे उत्तर मी ऐकले आहे. तिला डोळे उघडायला सांगून, पाणी देऊन, बाहेरच्या बाकावर कोणीतरी सोबत बसणे आवश्यक होते. छातीत धडधड हे या वयात हृदयाचेही लक्षण असू शकते, हे तर कोणाच्या मनातच आले नाही.

मोजमापाचा आग्रह धरला की काही सन्माननीय सभासद "हे पाश्चात्त्य डोके" म्हणतात. त्यांना मी लोणावळ्याचा रस्ता दाखवते. तिथे १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली आणि रक्तदाबमापकावर तपासून त्यांच्या नोंदी छापल्या. साधना करणारा माणूस होता तो, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्याला आकडा खरा हवा होता.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. वर्गाच्या दारात बीपी मोजून 'आधी-नंतर'चा फलक लावण्याची पद्धत बंद करावी. बीपी जरूर मोजावे, पण ध्यानवर्गाच्या वेळी नको. महिन्यातून एक ठरलेला दिवस, नियमाप्रमाणे बसवून, दोन वाचने, आणि आकडा सभासदाच्या स्वतःच्या वहीत, त्याच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी. व्याख्यात्याला निमंत्रण देताना पत्रातच लिहावे, की कोणतेही औषध कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा सल्ला व्यासपीठावरून देऊ नये. आणि दिलाच, तर आभारप्रदर्शन करणाऱ्याने त्याच माईकवरून "गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत" असे स्पष्ट सांगावे. काही गोळ्या, विशेषतः नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या, अचानक सोडल्या तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. ज्यांचा रक्तदाब ध्यानाने, चालण्याने, मीठ कमी केल्याने खरोखर उतरला असेल, त्यांचे डॉक्टर गोळी स्वतःच कमी करतील. तसे होताना मी पाहिले आहे. मंत्राने मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याची हमी देणारी पत्रके वाटणाऱ्यांना सभागृह देण्यापूर्वी १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा एकदा वाचून घ्यावा. त्यात मंत्र, ताईत, कवच यांच्या नावाने ठरावीक आजारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, यादीत हे दोन्ही आजार आहेत, आणि तोंडी केलेली घोषणाही जाहिरातीतच मोडते. शेवटचे, ध्यानवर्ग चालू असताना सभागृहाच्या मागच्या दोन रांगांतले दिवे पूर्ण चालू ठेवावेत आणि ज्यांना डोळे उघडे ठेवायचे असतील त्यांनी तिथे बसावे. यासाठी कोणी त्यांना कारण विचारू नये.

मोजणीचे काम शिकवायला मी कोणत्याही संघात येईन, मानधन नको. पाच-सहा स्वयंसेवक तयार ठेवावेत आणि दोन खुर्च्या पाठ असलेल्या, हाताखाली टेबल येईल अशा. यंत्राबरोबर येणारा पट्टा आपल्यापैकी अनेकांच्या दंडाला लहान पडतो आणि आकडा फुगवून दाखवतो, म्हणून मोठा पट्टा माझ्या पिशवीत असतोच. पहिल्या मजल्यावरचे सभागृह असेल तर टेबल कृपया जिन्याच्या खाली लावावे.

आपली नम्र,
कोथरूडमधील एक सभासद व निवृत्त परिचारिका